खोली निघाली कर्वेनगरला

गल्लीच्या अगदी मधोमध एक माणूस उभा होता आणि आभाळाकडे बघत होता.

संस्कृतीने स्कूटरचा हॉर्न वाजवला. तो हलला नाही. पुन्हा वाजवला. मग त्याने एक हात उचलून तिला थांबायची खूण केली. नजर मात्र वरच! दुसऱ्या हातात लांबलचक बांबू, बांबूवर लाल-पांढरे पट्टे आणि त्याचं टोक वरच्या केबलला टेकलेलं. श्रावण अर्धा सरला होता. पडू की नको अशा विचारात पाऊस नुसता भुरभुरत होता आणि या बाबाला चष्म्यावरचं पाणी पुसायचीही शुद्ध नव्हती.

"अहो, केबल कुठे पळून चाललेली नाही," संस्कृती म्हणाली. "मला मात्र जायचंय."

"एक मिनिट मॅडम... माप घेतलं की झालंच."

"हडपसरच्या गल्लीत उभं राहून केबलची मापं घेणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतेय."

"हॉर्न वाजवून केबल वर सरकवणारं कुणी मीही पहिल्यांदाच पाहतोय."

एवढं बोलून त्याने एकदाचं खाली बघितलं. बघितलं आणि... बघतच राहिला. त्या नादात मागे सरकला, बांबू कलंडला, कोपऱ्यावरच्या शेवग्यात अडकला आणि झाडावर साचलेलं सगळं पाणी भसकन संस्कृतीच्या डोक्यावर आलं.

"अरे बाप्पा! तुमाले लागलं तर नाही ना कुठं?"

संस्कृती चांगली फाडफाड बोलणार होती. शब्दसुद्धा तयार होते. पण त्या "तुमाले"ने सगळा घोटाळा केला. ओठ घट्ट मिटूनही हसू फुटलंच.

"पाणी लागतं का कधी कुणाला?" ती ओढणीने तोंड पुसत म्हणाली. "विदर्भातले दिसताय."

"मूर्तिजापूर. साईनाथ गावंडे." तो कानापर्यंत लाल झाला होता. "घाबरलो की तिकडचं तोंडी येतं. एरवी मी चांगला बोलतो. बरं... इथं हिंमतरावांचं घर कुठं आलं? त्यांची एक खोली आहे. ती उचलून ट्रकवरून कर्वेनगरला न्यायचीय."

"हिंमतराव माझे वडील," संस्कृती म्हणाली. "आणि ती खोली माझ्या आत्याची. नीट न्या. नाहीतर आत्या तुम्हाला त्याच ट्रकवरून मूर्तिजापूरला पाठवेल."

आता या खोलीची हकीकत सांगायलाच हवी. संस्कृतीची आत्या, सोजरबाई, लग्नानंतर वर्षभरातच माहेरी परतली ती कायमची. तेव्हा हडपसरला सगळा ऊस होता. आत्याच्या वडिलांनी शेताच्या कडेला तिला सागवानी फळ्यांची एक खोली बांधून दिली. वर पत्रा, चारी बाजूंना चार खिडक्या. शिवणकामाला उजेड लागतो ना! त्या खोलीत बसून आत्याने पंचक्रोशीतल्या नवऱ्यामुलींचे ब्लाऊज शिवले. पुढे संस्कृती कर्वेनगरच्या कॉलेजात फॅशन डिझाइन शिकून आली आणि दुसऱ्या मशीनवर बसली. आता शेत गेलं होतं, तिथे टॉवर उभा राहणार होता आणि घरची मंडळी कर्वेनगरच्या आपल्या जागेवर राहायला निघाली होती. तिथे आत्याला झकास सिमेंटची खोली बांधू, असं आप्पा, म्हणजे हिंमतराव, म्हणाले.

"बांधा की," आत्या म्हणाली. "तितं तू बस. माजी खोली हाय तशी येनार असंल तर मी येनार. न्हाईतर मी हितंच."

आत्यापुढे आप्पांचं आजवर काही चाललं नव्हतं, तेव्हा आत्ता काय चालणार? शोध घेता घेता अवजड आणि अवाढव्य वस्तू वाहून नेणाऱ्या कंपनीचा पत्ता मिळाला आणि त्या कंपनीने साईनाथला धाडलं. एवढं धूड रस्त्याने जायचं, तर आधी वाटेतली प्रत्येक तार, प्रत्येक फांदी किती उंचीवर आहे ते बघावं लागतं. तेच त्याचं काम.

मग पंधरवडाभर तो रोज येत राहिला. खोलीखालची माती उकरली गेली, जॅक लागले, लोखंडी तुळया सरकल्या आणि एका दुपारी खोलीने जोतं सोडलं. वीतभरच उचलली गेली, पण आत्याने डोळ्याला पदर लावला. संस्कृती मात्र त्या वेळी खोलीकडे बघत नव्हती. गुडघ्यावर बसून, गाल जमिनीला टेकवून तुळईखाली डोकावणाऱ्या माणसाच्या मानेवर चिखलाचा एक ओघळ होता, आणि तो आपण पुसावा असं तिला फार... फारच वाटत होतं. काय हे! भलतंच!

बोलणं काय होई? काहीच नाही. "चहात साखर किती?" "जेवढी पडेल तेवढी." "ही फळी कुरकुरते का?" "माणूस बघून कुरकुरते." असलंच काहीतरी. पण तो गेल्यावर संस्कृती मशीनवर बसली की शिवण वाकडी जाई. उसवायची, पुन्हा घालायची, पुन्हा वाकडी.

आणि मग एक दिवस चहा घेता घेता तो सहज बोलून गेला, "रविवारी खोली टेकवली की तिथूनच निघायचं. कच्छला. पवनचक्कीची पाती पोचवायचं मोठं काम आहे."

"परत कधी?"

"सांगता येत नाही. तिकडून कंपनी कुठं पाठवेल तिकडं. पुण्याला परत काम निघालं तर..." त्याने वाक्य सोडून दिलं.

म्हणजे रविवार! रविवारी खोली कर्वेनगरला टेकेपर्यंत जे बोललं जाईल ते बोललं जाईल. नाहीतर हा माणूस आभाळाकडे बघत बघत निघून जाईल, आणि संस्कृती आयुष्यभर वाकड्या शिवणी उसवत बसेल.

शनिवारी आत्याने आपल्या अटी सांगितल्या. छपरं उचलून दुसऱ्या रानात न्यायची तिच्या माहेरची जुनी रीत होती आणि ती मोडायची तिची बिशाद नव्हती, म्हणजे इतरांचीही नव्हती.

"घरानं जमीन सोडली का आत घरची लेक बसाया पायजे. रिकामं घर वाट चुकतंय. माजं गुडगं चालत न्हाईत, तवा संस्कृती बसंल."

"आत्याबाई, नियमात बसत नाही," साईनाथ म्हणाला.

"तुमच्या नियमात न्हाई, आमच्या बसतंय. आन् दुसरं. घर वाटंवर असस्तोवर परक्या पुरुषानं उंबरा वलांडायचा न्हाई."

"आणि ओलांडला तर?"

"मग त्यो परका ऱ्हात न्हाई," आत्या म्हणाली आणि सुपारी कातरू लागली.

साईनाथने संस्कृतीकडे बघितलं. संस्कृतीने सुपारीकडे.

शेवटी खोली चारी बाजूंनी आवळून बांधायची आणि गाडी माणसाच्या चालीपेक्षा जोरात न्यायची नाही, या बोलीवर तो कबूल झाला. रविवारी उजाडता उजाडता नारळ फुटला. आत्या आणि आप्पा मोटारीने पुढे गेले. बुटक्या, लांबलचक ट्रेलरवर खोली बसली होती, चारी कोपऱ्यांना लाल झेंडे, मागे इशाऱ्याची पाटी. आत आत्याच्या स्टुलावर संस्कृती, दोरीने बांधलेली दोन शिवणयंत्रं, आणि पुढे स्टिअरिंगवर भैरू नावाचा ड्रायव्हर, जो नेमाने कुरकुरायचा.

आणि खोली चालू लागली!

तिला वाटलं होतं हादरे बसतील. पण छे, सगळं कसं अलगद. ती घरातच होती, ओळखीच्या फळ्या, ओळखीचा खुंटीवरचा टेप. आणि खिडकीबाहेर मात्र गाव हलत होतं. शेवगा गेला, हंडेवाडीचा रस्ता आला, ओल्या धुक्यात अर्धेच दिसणारे टॉवर आले, मग कात्रजचा हिरवागार डोंगर खिडकीत येऊन बराच वेळ थांबला. झोपेत असतं तसं वाटत होतं, की आपण बसून आहोत आणि जगच आपल्याला भेटायला येतंय.

एका सिग्नलला पीएमपीची बस शेजारी थांबली. बसच्या खिडकीतले काका आणि खोलीच्या खिडकीतली संस्कृती, दोघं अगदी समोरासमोर.

काकांनी खोली खालीवर निरखली. "भाड्याने आहे का?"

"नाही हो."

"तेच म्हटलं. आजकाल डिपॉझिट घेऊन पळून जातात म्हणतात, खोलीच घेऊन पळताना आज पाहिलं."

बाहेर कुणीतरी खदखदून हसलं. साईनाथ! मोठ्या रस्त्यावर तो पुढच्या जीपमध्ये असे आणि रस्ता अरुंद झाला की उतरून खोलीच्या शेजारून चाले. वारज्याच्या पुढे तो असा उतरला तो चालतच राहिला. खिडकी त्याच्या डोक्याच्या वर. संस्कृती चौकटीवर हनुवटी टेकवून खाली बघत होती.

"कच्छमध्ये पाऊस असतो का?" तिने विचारलं.

"कमीच. रस्ते सरळ. वर तार नाही, झाड नाही."

"मग तुम्ही बघणार कुठे? तुम्ही तर सारखे वरच बघून चालता. खाली कधी बघता का हो?"

"पंधरा दिवसांपूर्वी एकदा पाहिलं होतं," तो हळूच म्हणाला. "तेव्हापासून मापं चुकाले लागली."

चुकाले! म्हणजे घाबरला. तिने उगाचच टेप गुंडाळला, उगाचच सोडला.

"म्हणजे... काय म्हणायचंय तुम्हाला?"

"म्हणजे... बांबू ओला झाला की... जरा..." तो अडखळला. पुढे भैरूने हॉर्न दिला आणि साईनाथ पुढे पळाला. मेला तो हॉर्न!

कर्वेनगर आलं. आता दोन वळणं की घर. संस्कृती मनातल्या मनात म्हणत होती, जरा हळू, आणखी जरा हळू... आणि ट्रेलर खरंच थांबला.

समोर कमान होती. गणपती आठवड्यावर आले होते. मंडळाने रस्त्यावर आडवी, भक्कम कमान उभारली होती. वर स्वागताचा फ्लेक्स, त्यावर शुभेच्छुकांचे ओळीने फोटो, बहुतेक सगळे गॉगल लावलेले. खोलीचा पत्रा कमानीपेक्षा हातभर उंच.

"घ्या!" भैरू खाली उतरून कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "तारा मापल्या, झाडं मापली. आन् ही?"

साईनाथने डोकं खाजवलं. कमानीजवळ खुर्च्या टाकून मंडळाचे कार्यकर्ते बसले होते. तो त्यांच्याकडे गेला.

"दादा, ही कमान तासभर उतरवता येईल का?"

"गणपतीनंतर या, आम्हीच उतरवतो," एकजण पेपरमधून डोकं न काढता म्हणाला.

"खोली खोळंबलीय हो."

"खोलीला काय, बसायला तिचीच जागा आहे. अध्यक्षांना विचारावं लागेल. ते झोपलेत."

संस्कृतीने खिडकीतून फ्लेक्स वाचला. सगळ्यात मोठा फोटो अध्यक्षांचा. गॉगल असला तरी ती जिवणी तिच्या चांगल्या ओळखीची होती. इंद्रजीत! कॉलेजात शेवटच्या बाकावर बसून तिची जर्नलं उतरवणारा इंद्रजीत. त्याचा नंबर तिच्या फोनमध्ये होता. एका फोनचं काम होतं.

तिने फोन हातात घेतला. खाली साईनाथ बांबूला टेकून उभा होता. कमान उतरली की दोन वळणं, मग कच्छ. तिने फोनकडे बघितलं, साईनाथकडे बघितलं... आणि फोन शिवणयंत्राच्या झाकणाखाली सरकवून दिला. पाप लागो, नाहीतर काही होवो!

भैरू केबिनमध्ये जाऊन झोपला. वेळ कसा सरत गेला कळलं नाही. साईनाथ खिडकीखाली टपरीवरचा चहा घेऊन आला, टाचा उंचावून त्याने पेला तिच्या हातात दिला. त्याने मूर्तिजापूरच्या स्टेशनाबद्दल सांगितलं, ज्वारीच्या शेताबद्दल सांगितलं, पुण्यात मिरची मागितली तर दुकानदार कारण विचारतो म्हणून सांगितलं. ती हसत राहिली. आणि मग भुरभुरणाऱ्या पावसाने अखेर मनावर घेतलं. धो धो सुरू झाला!

कार्यकर्ते खुर्च्या डोक्यावर धरून पळाले. साईनाथ पत्र्याच्या वळचणीला दाराशी येऊन उभा राहिला, पण वळचण केवढीशी! पुरता निथळू लागला.

संस्कृतीने दार उघडलं. मधे फक्त उंबरा.

"भिजताय," ती म्हणाली.

"हो."

"मग... आत या."

पावसाच्या आवाजातही तिला स्वतःचा आवाज स्पष्ट ऐकू आला. आपण काय बोलून गेलो हे तिला कळत होतं, आणि त्यालाही कळलं होतं. त्याने चष्मा काढला. ट्रेलरच्या कडेला हात टेकून वर चढला. उंबऱ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. पाऊल उचललं...

"अगं संस्कृती! तू?"

छत्री घेतलेला, डोळे चोळत आलेला इंद्रजीत खाली उभा होता. "वेडी आहेस का? पोरांनी खोली-खोली म्हणून उठवलं, मला वाटलं कुणाची खोली! एक फोन करायचास ना. आत्ता उतरवतो कमान, त्यात काय!"

साईनाथचं पाऊल जागच्या जागी परत आलं. इंद्रजीत हाका मारत पुढे गेला.

"ओळख होती तुमची?" साईनाथने विचारलं.

खोटं बोलायला जागाच नव्हती. "होती."

"नंबर?"

"...होता."

त्याला असं काही हसू आलं की दाराच्या चौकटीला धरून उभं राहावं लागलं. संस्कृतीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण धरणी ट्रेलरखाली होती, तिचाही इलाज नव्हता.

"हसू नका! लाज नाही वाटत?"

"मले? मलेच वाटाले पायजे," तो डोळे पुसत म्हणाला. "कमान मी काल संध्याकाळीच पाहिली होती. नदीकडून दुसरा रस्ता होता, मोकळा. भैरू दोनदा म्हणाला तिकडून घेऊ. मीच म्हटलं, नाही, इकडूनच."

"काऊन?" संस्कृतीने विचारलं. 'का' म्हणायचं सोडून त्याच्याच गावाकडचा शब्द तिच्या तोंडून निघाला.

तो काही बोलणार, एवढ्यात कमान उतरल्याचा गलका झाला. भैरूने इंजिन सुरू केलं. ट्रेलर हलला आणि साईनाथला उडी मारून बांबू घेऊन पुढे पळावंच लागलं.

दोन वळणं, आणि घर. नव्या जोत्यावर खोली उतरवायला संध्याकाळ झाली. तोवर साईनाथला मान वर करायला फुरसत नव्हती आणि फोनवर कंपनी सारखी निघा, निघा करत होती. खोली कर्र करून टेकली. आत्याने दिवा लावला, हळदकुंकू वाहिलं आणि दारात उभी राहून म्हणाली, "चला, आता समदे आत या!"

समदे आत आले. भैरू आला, आप्पा आले, शेजारपाजारचे आले, इंद्रजीत आणि त्याचे कार्यकर्ते आले. त्या गर्दीत भैरूच्या मागोमाग साईनाथही आला. उंबरा ओलांडला, पेढा घेतला, "छान झालं" म्हणाला आणि बाहेर गेला. एवढंच. आता घर जमिनीवर होतं, आता कुणीही यावं. सकाळपासून ज्या एका पावलासाठी तिचा जीव टांगणीला लागला होता, ते पाऊल पडलं आणि त्याला काहीच अर्थ नव्हता. संस्कृतीला रडू यायला लागलं.

बाहेर ट्रेलर निघाला. रिकामा ट्रेलर, आता त्याला हळू जायचं कारण नव्हतं. ती खिडकीशी धावली. केबिनमध्ये भैरूशेजारी त्याचा शर्ट दिसला, फाटक ओलांडताना पाठमोरा. आता खूण नाही, रीत नाही, आडपडदा नाही. बोलायचं तर आत्ता बोलायचं!

"साईनाथ!" ती जिवाच्या आकांताने ओरडली. "मला तुम्ही आवडता! खूप आवडता! जायच्या आधी ऐकून जा!"

करकचून ब्रेक लागला. आप्पांच्या हातातला पेढा तसाच राहिला. कर्वेनगरची ती शांत, सभ्य गल्ली अधिकच शांत झाली आणि समोरच्या सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावरून एका बाईंचा आवाज आला, "ऐकलं बरं आम्ही सगळ्यांनी. आता त्यांचं उत्तर येईपर्यंत ते धूड आमच्या गेटसमोरून बाजूला घ्या."

साईनाथ उतरून पळतच आला. फाटकापाशी थांबला, धापा टाकत.

"मलेबी," तो म्हणाला. "लय आवडता. शेवग्याखाली भिजल्या ना तुमी, तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलणारच होतो. भुजला पोचल्यावर. फोनवर."

"एवढे भित्रे?"

"हाव," तो म्हणाला, आणि तिला रडता रडता हसू आलं. "कच्छचं काम आता टाकता येत नाही, संस्कृती. शब्द दिलाय."

"मी कुठे टाका म्हणतेय? जा. पण दसऱ्याला या. तुमच्या आईंना घेऊन या."

"येतो. आईले घेऊनच येतो."

आप्पांनी बहिणीकडे बघितलं. सोजरबाईंनी त्या पोराला डोक्यापासून पायापर्यंत एकदा न्याहाळलं, मग भाचीचे ओले डोळे बघितले.

"हिंमत," ती म्हणाली, "पाव्हण्यांना जेवल्याबिगर सोडू नगंस."

ते ऐकून भैरूने इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि हात धुवायला नळ कुठेय ते विचारू लागला.